वेताळाचा प्रश्न आणि छोटा पडदा

विज्ञानकथेच्या आणि अद्भुतकथेच्या मालिका पाहाव्या असे मनात आहे, पण आरंभ कोठून करावा, असा प्रश्न अलीकडे चांगली प्रौढ माणसेही विचारू लागली आहेत. विचारताना ती थोडी ओशाळतात. घरात नातवंडे असल्या मालिका पाहत असतात. आपण शेजारी बसावे तर कोण कोणाच्या काळात शिरला आणि कोणत्या ग्रहावरून कोण उतरला ह्याचा उलगडा होत नाही. दहा मिनिटांत आपण वर्तमानपत्रात तोंड घालतो आणि 'पोरखेळ आहे झाले' असे म्हणून मोकळे होतो. अशा श्रोत्यांसाठीच आम्ही हा विषय घेतला आहे. यादी काय, कोणीही देईल. परंतु यादीच्या आधी हा ओशाळेपणा कोठून आला ते पाहिले पाहिजे, कारण तो मराठी माणसाच्या स्वभावातला नाही. तो मागाहून आलेला आहे.

मराठी छपाईच्या अगदी आरंभीची पुस्तके काढून पाहा. वैजनाथ शर्मा ह्यांची 'सिंहासनबत्तिशी' बंगालातील सेरामपूर येथे १८१४ साली छापली गेली. तीत सिंहासनाच्या पुतळ्या बोलतात. पुढे मुंबईत बापू छत्र्यांनी इसापनीतीबरोबर 'वेताळपंचविशी'ही मराठीत आणली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टींना हात घातला, आणि त्यात त्यांच्या पांडित्यास कमीपणा आला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. तिच्यामागून जी कादंबऱ्यांची रीघ लागली तीत अद्भुताचा नुसता पूर होता. पुढे १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'मधली स्थिती' लिहावयास घेतली आणि मराठी वाचकाने आपल्याच घरातले दुःख छापील अक्षरांत पाहिले. हरिभाऊंचे उपकार कोण नाकारील? पण त्या उपकाराबरोबर एक समजूत आपल्याकडे रुजली, ती ही की वास्तव तेवढे शहाण्यांचे आणि अद्भुत ते मुलांचे. माजघरातले अद्भुत उचलून आपण मुलांच्या खोलीत नेऊन ठेवले, आणि आता त्या खोलीच्या दारात उभे राहून आत जावे की न जावे ह्याचा विचार करीत आहोत.

ह्या जुन्या धनात एक वस्तू अशी आहे की जिच्यावरून पुढल्या सगळ्याची पारख करता यावी. ती म्हणजे वेताळाचा प्रश्न. राजा विक्रम स्मशानातल्या झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, चालू लागतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, आणि गोष्ट संपली की विचारतो: सांग, ह्यात खरा दोषी कोण? त्यागी कोण? मुलगी कोणाची? उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर मस्तकाची शकले होतील. आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर. किती नामी योजना आहे पाहा. प्रेत बोलते हे ऐकून आपण चकित होतो खरे, पण गोष्टीचे मर्म त्यात नाही. मर्म आहे न्यायनिवाड्यात. प्रेताने बोलायचे ते एवढ्यासाठी, की जो प्रश्न जिवंत माणसे आपल्याला विचारीत नाहीत तो त्याने विचारावा. अद्भुताचे दोन प्रकार आम्ही येथून पुढे मानणार आहोत: जे आपल्या खांद्यावर प्रश्न ठेवून जाते ते, आणि जे नुसते हात जोडावयास लावते ते.

आता पडद्याकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. कांजूरमार्गासारख्या उपनगरात घरोघर संच यायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. एका अंगास मिठागरे व खारफुटी, दुसऱ्या अंगास आग्रा रोड, म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग, त्यावरचे कारखाने, आणि त्यापलीकडे पवईची टेकाडे, अशी ही वस्ती. रशियाने १९५७ साली आकाशात पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, आणि दुसऱ्याच वर्षी, १९५८ मध्ये, आपल्या शेजारी पवईची आय.आय.टी. स्थापन झाली, तीही सोव्हिएत साहाय्याने. ह्या योगायोगाकडे आपण कधी लक्ष दिले नाही. पवईस जाणारी मुले रोज आपल्याच स्थानकावर उतरतात, आपण त्यांना रिक्षाच्या रांगेत पाहतो. पण त्या मुलांच्या डोक्यात ग्रहताऱ्यांचे आणि यंत्रांचे वेड शिरले कोठून, हा प्रश्न विचारला तर पुष्कळदा उत्तर मिळेल, की आधी गोष्टींतून, मग पुस्तकांतून.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकात त्या गोष्टी रविवारी येत. चाळीत ज्याच्या घरी संच त्याच्या घरी सगळी पोरे, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि घरधनीण बिचारी पोळ्या लाटता लाटता उंबऱ्यात उभी. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकेत १९६६ ते १९६९ ह्या काळात झालेली मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर आली ती ह्याच दशकात. इंग्रजी कोणास फारसे कळत नसे. पण लांब कानांचा स्पॉक मात्र सर्वांस कळला. त्यानंतर १९८५ साली रामानंद सागरांनी 'विक्रम और बेताल' आणली. अरुण गोविल विक्रम झाले, सज्जन ह्यांनी बेताल केला. भाग अवघे सव्वीस, नेपथ्य बेताचे, करामती त्याहून बेताच्या. तरी ती मुलांनी पाहिली, म्हाताऱ्यांनी पाहिली आणि भाग संपल्यावर दोघे भांडले, की राजाने दिलेले उत्तर बरोबर की चूक. दोन वर्षांनी, जानेवारी १९८७ मध्ये, सागरांचेच 'रामायण' आले. त्यातले राम, सीता आणि लक्ष्मण झालेले नट आधी ह्याच वेताळाच्या गोष्टींत दिसले होते. रामायणाच्या वेळी लोकांनी संचाला हार घातले. हे दोन्ही प्रसंग एकाच निर्मात्याचे, जवळजवळ त्याच नटांचे. पण एकात प्रेक्षक वाद घालतो आणि दुसऱ्यात नमस्कार करतो. नमस्कारास आमची हरकत नाही. रामायण ही निराळी वस्तू आहे. मात्र पुढे जे अद्भुत आले ते पुष्कळसे नमस्काराच्या वाटेने गेले, वादाच्या वाटेने थोडे.

थोडे गेले त्यात 'इंद्रधनुष' हे नाव आधी घेतले पाहिजे. आनंद महेंद्रू ह्यांची ही मालिका १९८९ ची. मुले खटपट करून संगणक जुळवतात आणि त्यातून त्यांची गाठ देवयानी दीर्घिकेतल्या, म्हणजे अँड्रोमेडातल्या, पाहुण्याशी पडते. पुढे कालप्रवासही घडतो. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावारूपास आलेला करण जोहर त्यात शाळकरी पोरगा आहे. आज पाहताना त्यातला संगणक पाहून हसू येते. पण ह्या वस्तीतल्या कामगारांच्या मुलांनी संगणक पहिल्याने पाहिला तो बहुधा तोच. त्यानंतर नऊ वर्षांनी केतन मेहता ह्यांनी 'कॅप्टन व्योम' काढली, मिलिंद सोमण हा मराठी नट तिचा नायक. काळ २१२३, बारा अट्टल गुन्हेगार तुरुंगातून पळालेले, आणि एकेकास धरायचे. बेत मोठा होता, पैसा व साधने त्या मानाने अपुरी पडली. नव्या प्रेक्षकाने हिचे दोन-चार भाग इतिहास म्हणून पाहावे. सगळी पाहण्याची सक्ती आम्ही करणार नाही.

'चंद्रकांता'ची गोष्ट मात्र विस्ताराने सांगण्यासारखी आहे. देवकीनंदन खत्री ह्यांची मूळ हिंदी कादंबरी १८८८ ची. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असे सांगतात. खत्रींनी काशीच्या राजाकडून चकिया व नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. त्या रानांतले पडके किल्ले, भुयारे, कोठारे त्यांनी पायांखाली घातली आणि त्यांतून आपले 'तिलिस्म' उभे केले. हे तिलिस्म म्हणजे मंत्राने बांधलेली जादूनगरी नव्हे. ती कारागिरांनी कळी, चक्रे आणि चोरदारे बसवून रचलेली वास्तू आहे. ती फोडायची तर मंत्र नको, डोके पाहिजे. त्यातले ऐयार हे भोंदू नसून वेषांतराची आणि औषधांची विद्या जाणणारे हेर आहेत. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एका काशीकर ठेकेदाराने अद्भुताला हिशेब लावून दाखविला. नीरजा गुलेरी ह्यांनी १९९४ मध्ये त्यावर मालिका आणली आणि रविवार सकाळ पुन्हा ओस पडू लागली. क्रूरसिंगाचे 'यक्कू' अजून लोकांच्या तोंडी आहे, इरफान खान त्यात ऐयार झाले होते, हे सारे खरे. पण मूळ कादंबरीत जेथे कळ होती तेथे मालिकेत जादू आली. प्रेक्षकास कोडे सोडवायचे होते. त्याला भुलविण्यात आले. ज्यांनी ही मालिका पूर्वी पाहिली आहे त्यांनी आता मूळ कादंबरी वाचावी, आणि ज्यांनी काहीच पाहिले नाही त्यांनीही कादंबरीच आधी वाचावी.

'शक्तिमान' १९९७ च्या सप्टेंबरात आला आणि २००५ पर्यंत राहिला. मुकेश खन्ना स्वतः त्यातले नायक. प्रत्येक भागाच्या अखेरीस ते मुलांना स्वच्छतेच्या, खरे बोलण्याच्या चार गोष्टी सांगत. हेतू निर्मळ होता ह्यात शंका नाही. तरी काय झाले पाहा. शक्तिमान येऊन वाचवील ह्या भरवशावर मुलांनी जिवावरचे धाडस केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, आणि खुद्द मालिकेतूनच मुलांची समजूत काढण्याची वेळ आली. सारा दोष मालिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु जो येऊन सोडवतो त्याची गोष्ट आणि जो प्रश्न विचारून निघून जातो त्याची गोष्ट, ह्यांत अंतर किती, ते येथे कळते. पालकांनी मुलांबरोबर बसावे ते ह्याचसाठी. लहान मूल 'तो कसा उडतो?' असे विचारते तेव्हा 'गप्प बस, पाहू दे' असे उत्तर देणारा बाप त्या मुलाला विज्ञानकथेतून उठवून चमत्काराच्या पंगतीस बसवीत असतो.

परदेशातल्या मालिकांपैकी नवख्याने पहिल्याने कोणती घ्यावी? आमचे मत 'द ट्वायलाइट झोन' ह्या अमेरिकन मालिकेस आहे. रॉड सर्लिंग ह्यांनी ती १९५९ मध्ये सुरू केली. १९६४ पर्यंत तिचे १५६ भाग झाले. प्रत्येक भाग स्वतंत्र, बहुतेक अर्ध्या तासाच्या आतले. मागचे काही ठाऊक असावे लागत नाही, एखादा भाग आवडला नाही तर कथासंग्रहातली कथा सोडावी तसा सोडावा. १९६० सालचा मेपल स्ट्रीटवरील राक्षसांचा भाग तर आपल्या चाळींत, वाड्यांत आणि सोसायट्यांत जाहीरपणे दाखवावा असा आहे. एका गल्लीतले दिवे जातात, मोटारी बंद पडतात. एक पोरगा म्हणतो, परग्रहावरचे लोक आले असतील आणि त्यांनी आपल्यात माणसे पेरली असतील. बस्स. संध्याकाळपर्यंत सारी गल्ली एकमेकांवर उठते: तू रात्री आकाशाकडे का पाहत होतास, तुझाच दिवा का लागला? परग्रहवासी टेकडीवरून शांतपणे पाहत असतात. त्यांना काहीच करावे लागत नाही. ज्या काळात अमेरिकेत शेजारी शेजाऱ्यास कम्युनिस्ट म्हणून संशयाने पाहत होता त्या काळाच्या अगदी लगत हे लिहिले गेले. उघडपणे लिहिले असते तर जाहिरातदार अडले असते; परग्रहवासीयांच्या आडून सारे सांगता आले. अद्भुताचा हा उपयोग वास्तववाद्यांनी लक्षात घ्यावा.

तिच्यानंतर 'स्टार ट्रेक' घ्यावी. तीही सलग पाहण्याची गरज नाही. १९६७ मधला एक भाग सांगतो. कॅप्टन कर्क भूतकाळात, १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतो. तेथे गोरगरिबांना जेवू घालणारी एक शांतताप्रिय बाई त्याला भेटते, त्याचा जीव तिच्यात गुंततो. मग कळते की ती अपघातात मरायची आहे, आणि ती जगली तर तिच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. मोटार येत आहे, बाई रस्त्यात आहे. सांग राजा, काय करशील? हा वेताळच नव्हे काय? ह्या मालिकेत माणसे यानातून ग्रहावर क्षणार्धात 'उतरविली' जातात, त्याचे लोकांना मोठे कौतुक. त्याचे कारण मात्र साधे आहे. दर आठवड्यास यान जमिनीवर उतरवून दाखविण्याचा खर्च परवडत नव्हता. गरिबी कल्पकतेला पुष्कळदा उपकारक होते, हे आमच्या सव्वीस भागांच्या बेतालानेही दाखविले होतेच.

इंग्लंडच्या 'डॉक्टर हू' ह्या मालिकेविषयी आपल्याला आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनौचे. बालपणाची काही वर्षे त्यांनी मुंबईत काढली आणि १९४६ मध्ये ते इंग्लंडास गेले. बी.बी.सी.ने हे काम त्यांच्यावर सोपविले तेव्हा ते पंचविशीही न गाठलेले तरुण होते, आणि निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट ही त्या गोऱ्या पुरुषांच्या कचेरीत उठून दिसणारी तरुण बाई. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखविला गेला. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती. त्या गडबडीत पुष्कळांनी तो पाहिला नाही, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखविण्यात आला. तीन वर्षांनी मुख्य नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे थकले, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी नायक मरताना कूस बदलून नवा देह धारण करतो असे ठरविले गेले. जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेण्याची कल्पना आपल्याकडच्या माणसास समजावून सांगावी लागत नाही. नवख्याने १९६३ पासून आरंभ करू नये. त्या दशकातले नव्वदहून अधिक भाग बी.बी.सी.ने चित्रफिती पुसून घालविले आहेत. मालिका २००५ मध्ये नव्याने सुरू झाली, तेथून धरावी.

आणि आपल्या मराठीचे काय? येथे आम्हांला थोडे कटू बोलणे भाग आहे. 'स्टार ट्रेक' सुरू झाली त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेस १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' ह्या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली. बक्षीस मिळाले. मग कळले की जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरे उलटी केलेली. स्वतःच्या कीर्तीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून केंब्रिजहून परतलेल्या एका जगन्मान्य शास्त्रज्ञाने ही काळजी घेतली! त्यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' ह्या कथेत मूर्तीची सोंड डावीकडून उजवीकडे जाते. भाविक हात जोडील. नारळीकर मात्र आरशातले प्रतिबिंब आणि पीळ दिलेली पट्टी ह्यांच्या गणिताने ते समजावून देतात, आणि वर क्रिकेटच्या सामन्याची गंमतही देतात. त्यांच्या बरोबरीने लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे लिहीत होते. लोंढ्यांची 'दुसरा आइनस्टाईन' तर परभाषांत गेली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. मे २०२५ मध्ये ते गेले.

इतके धन कपाटात असता मराठी वाहिन्यांनी उचलले काय, तर मुख्यतः भूत. नारायण धारप, रत्नाकर मतकरी ह्यांच्या भयकथांबद्दल आम्हांस आदर आहे. मतकरींच्या 'गहिरे पाणी'तली भीती माणसाच्या मनातूनच उगवते. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा सिंधुदुर्गातल्या लोकांनी हरकत घेतली, की आमच्या कोकणाची बदनामी होते आणि अंधश्रद्धा पसरते. तीनच वर्षांपूर्वी नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती आणि महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला होता. तेव्हा ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मालिकेतली मालवणी बोली, वाड्यातली भाऊबंदकी, वाटण्यांचा हेवा, हे सारे अस्सल होते. लोक पाहत होते ते बरेचसे त्यासाठीच. पण भुताच्या एका मालिकेस दुसरी उत्तर देणारी, नारळीकरांच्या गणपतीसारखी, एखादी मालिका त्याच वेळी पलीकडल्या वाहिनीवर असती तर कोकणातल्या लोकांस मोर्चाचा विचार करावा लागला नसता. प्रेक्षकांनीच निवाडा केला असता.

आता जी माणसे आजच्या मालिकांत एकदम उडी घेऊ पाहतात त्यांस दोन शब्द. 'गेम ऑफ थ्रोन्स'पासून आरंभ करू नये. ती वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिचे त्र्याहत्तर भाग, शेकडो पात्रे आणि उघडीवाघडी दृश्ये ह्यांमुळे नवखा दुसऱ्याच दिवशी पळतो, आणि घरात चारचौघांत तर पाहताच येत नाही. हिंदीतून पाहायची तर २०२० ची 'जे.एल. ५०' बरी. भाग चारच. पस्तीस वर्षांपूर्वी उडालेले विमान आज कोसळते, एवढ्यावर ती उभी आहे. २०२१ ची 'ओके कॉम्प्युटर' राधिका आपटे ह्यांची. चालकाविना चालणाऱ्या मोटारीने माणूस मेला तर खुनी कोण, हा तिचा प्रश्न. तिचा विनोद सर्वांस रुचेल असे नाही, पण प्रश्न मात्र वेताळाने विचारावा असाच आहे. जर्मन भाषेतली 'डार्क' ही तिन्ही पर्वे मिळून सव्वीस भागांची. तेहेतीस तेहेतीस वर्षांच्या अंतराने एकाच गावातली चार कुटुंबे एकमेकांच्या आयुष्यात गुंतत जातात. ती शेवटी ठेवावी, आणि पाहावयास बसताना हाताशी कागद-पेन्सिल घेऊन वंशावळ मांडावी. ज्यांनी पेशव्यांच्या आणि भोसल्यांच्या वंशावळी पाठ केल्या आहेत त्यांना ती जड जाऊ नये. मांडता मांडता अडले, तर शेजारी बसलेल्या नातवास विचारावे. त्याची वंशावळ बहुधा आपल्याहून पुढे गेलेली असेल.